पाणंदीवरचं शहर

नमस्कार, श्रोतेहो.

परवा पुण्याच्या कडेला एका नव्या वस्तीत स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या गॅलरीतून शाळा दिसते. मधल्या सुट्टीची घंटासुद्धा ऐकू येते. तरी त्यांची नात रोज व्हॅननं शाळेत जाते. मध्ये सोसायटीची भिंत आहे आणि तिला वळसा घालायचा म्हणजे हमरस्त्यावर येऊन दोन किलोमीटर.

आपल्या पेठांमध्ये असं होत नाही. लक्ष्मी रस्ता तुंबला की माहीतगार माणूस बोळात शिरतो, तुळशीबागेच्या एका दारानं आत जाऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडतो. गल्ल्या अरुंद आहेत, वाकड्या आहेत, पण एक अडली तर दुसरी आहे.

नदीपलीकडे भांबुर्डं, म्हणजे आजचं शिवाजीनगर, वाढलं तेव्हा 1915च्या नगररचना कायद्याचा आधार होता. जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे आणि मग नीट आकाराचे भूखंड पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. रस्ता आधी, घर नंतर! हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पुढे तो उलटा झाला. महापालिकेत 1997 साली 23 गावं आली, 2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23. या गावांत शेताकडे जायला पाणंद असायची, बैलगाडीपुरती. ती शेवटच्या शेतापाशी संपायची, कारण तिथून पुढे कुणाला जायचंच नसे. शेत विकलं गेलं, तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि फाटक त्याच पाणंदीवर उघडलं. शेजारच्या शेताचंही तसंच झालं. दोन्ही सोसायट्यांत डांबरी रस्ते आहेत, पण एकीतून दुसरीत जायला वाट नाही. कंगव्यासारखं झालंय बघा. या दातावरून त्या दातावर जायचं तर मुळाशी यावं लागतं. दुधाची पिशवी आणणारा, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, सगळे त्याच एका रस्त्यावर येतात. मग आपण म्हणतो, रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा.

इमारत पन्नास-साठ वर्षांनी पाडून पुन्हा बांधता येते. सोडून दिलेली वाट मात्र परत मिळवणं महाकठीण, कारण तोवर तिथं शेकडो मालक झालेले असतात. म्हणून लेआउट मंजूर होतानाच विचारलं पाहिजे, की हा रस्ता शेजारच्या जमिनीत कुठे निघतो?

आणि जिथं भिंती उभ्या राहिल्याच आहेत, तिथं? वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणसापुरती दिंडी असायची. सुरक्षेची काळजी त्या लोकांनाही होतीच. येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत आमचे स्नेही ठराव मांडणार आहेत. शाळेच्या बाजूच्या भिंतीत तीन फुटी दार ठेवायचं, सकाळी आणि शाळा सुटताना उघडायचं, तिथं रखवालदार बसवायचा. अर्जावर आतापर्यंत अकरा घरांच्या सह्या झाल्या आहेत.