खोकला नसलेला टीबी

छातीचा एक्स-रे स्वच्छ. खोकला नाही, तपासायला थुंकीही नाही. पण पोटात उजवीकडे खाली सतत दुखतं, संध्याकाळी कणकण येते, जेवण जात नाही, वजन उतरत चाललंय. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. हा पोटाचा टीबी असू शकतो. पण टीबी फुप्फुसालाच होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की अशा रुग्णाचे कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर जातात. त्या काळात रोग आत वाढत राहतो.

तो शोधायला पोटाचा सीटी स्कॅन करतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं. ते ठीक असेल तर शिरेतून काँट्रास्टचं, म्हणजे रक्त पोहोचेल तो भाग चित्रात उजळ दाखवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात. अंगभर गरम वाटतं, घाबरू नका. ‘श्वास रोखा’ अशी सूचना येते, टेबल सरकतं, आणि काही सेकंदांत पोटाचे शेकडो छेद संगणकावर उमटतात.

अशा एका रुग्णाचे छेद पडद्यावर पाहू. रेडिओलॉजिस्ट आधी पाहतात तो पोटाचा हा उजवा खालचा कोपरा. इथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं. आतड्याचा टीबी सर्वांत जास्त इथेच होतो. लसिका ऊतींचा (रोगप्रतिकारक पेशींच्या पुंजक्यांचा) इथे भरणा असतो, शिवाय अन्न रेंगाळतं, त्यामुळे जंतूला ठाण मांडायला वेळ मिळतो. फुगलेल्या निरोगी आतड्याची भिंत साधारण 3 मिलिमीटरच्या आत असते. इथे ती किती जाड झालीय, आणि एका बाजूला जास्त, ते पाहा.

आता शेजारच्या लसिका गाठी. कडा उजळ, मधला भाग काळा. गाठीचा गाभा सडलाय, तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून काँट्रास्टही पोहोचत नाही. माझ्या मते या सगळ्या चित्रात सर्वांत बोलकी खूण हीच. क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारातही आतडं असंच जाड होतं, पण अशा गाठी त्यात सहसा दिसत नाहीत. हा फरक जिवाचा आहे: क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो भडकतो.

पोटात पाणी असेल तर त्याची घनताही मोजतात. सीटीवरची घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्ड मापावर साधं पाणी 0, टीबीचं पाणी पुष्कळदा 25 ते 45. त्यात प्रथिनं आणि पेशी जास्त असतात.

तरीही नुसत्या सीटीवर शिक्कामोर्तब करू नये. सीटी जागा दाखवतं; तिथून कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून दुर्बीण घालून) तुकडा किंवा सुईने गाठीतला नमुना घ्यायचा, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जीन एक्स्पर्टला (जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहणं) पाठवायचा. पोटाच्या टीबीत जंतू थोडे असतात. म्हणून चाचणी निगेटिव्ह आली तरी संशय सोडायचा नाही.

काही वेळा मात्र तासांचा हिशोब असतो. या छेदात आतडं एका जागी चिंचोळं झालंय, आणि त्याच्या अलीकडचे वेढे हवा-पाण्याने तट्ट फुगलेत. या दुसऱ्या रुग्णात आतड्याबाहेर हवेचे काळे बुडबुडे आहेत, म्हणजे आतडं फुटलंय. इथे सर्जनला लगेच बोलवावं लागतं. आणि हे तिसरं चित्र: रेशीमकिड्याच्या कोषासारख्या जाड पडद्यात लहान आतड्याचे वेढे गुंडाळले गेलेत.

उपचार सहसा सहा महिन्यांचा, सरकारी केंद्रांत औषधं मोफत. पण एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी. जखम भरताना व्रण आकसतो आणि आतडं आणखी अरुंद होऊ शकतं. औषधं चालू आहेत, वजन वाढतंय, आणि अचानक पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वायू सरणं थांबलं, तर गोळ्या मनाने बंद करू नका आणि सकाळची वाटही पाहू नका. त्याच रात्री, जुनी सीटीची फिल्म बरोबर घेऊन, सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.