प्लँटर बोट आणि अमेरिकेची यादवी

१३ मे १८६२. पहाट अजून झालेली नाही. साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरात प्लँटर नावाची आगबोट धक्क्याला उभी आहे, दक्षिणेच्या सैन्याची, म्हणजे गुलामी टिकवायला देशातून फुटलेल्या राज्यांची, पोटात तोफा भरलेल्या. कॅप्टन आणि गोरे अधिकारी रात्री झोपायला गावात गेलेत, बोटीवर उरलेत ते गुलाम खलाशी. त्यांच्यातला सुकाणू धरणारा रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, कॅप्टनची गवताची हॅट डोक्यावर चढवतो, बोट सोडतो, दुसऱ्या धक्क्यावर लपून बसलेली बायकापोरं घेतो आणि थेट किल्ल्याच्या तोफांखालून निघतो. फोर्ट सम्टर आला की कॅप्टन द्यायचा अगदी तशीच शिट्टी. वरच्या पहारेकऱ्याला अंधारात फक्त हॅट दिसते, बोट जाऊ देतात. तोफांचा टप्पा ओलांडला तसा दक्षिणेचा झेंडा खाली आणि वर पांढरी चादर, कारण समोर उत्तरेचं आरमार आहे आणि ते तोफ डागायच्या बेतात आहे.

मला विचाराल तर युद्ध फिरलं ते अशा माणसांमुळे. १८६१ मध्ये याच फोर्ट सम्टरवर पहिली तोफ उडाली तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन, म्हणजे उत्तरेची बाजू, सांगत होता की लढाई देश एकसंध ठेवण्यासाठी आहे, गुलामीला हात लावायला नाही. पण गुलाम थांबलेच नाहीत, रात्री-अपरात्री, पोरं कडेवर घेऊन उत्तरेच्या छावण्यांत यायला लागले, आणि दक्षिणेचे खंदक खणणारे, शेतं कसणारे, स्वयंपाक रांधणारे हेच तर हात होते. एक माणूस पळाला की तिकडे एक कमी आणि इकडे एक जास्त.

मग सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची लढाई, एका दिवसात दोन्हीकडचे मिळून जवळपास २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता. दक्षिणेचं सैन्य मागे हटलं आणि पाच दिवसांनी लिंकनने गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. ती १ जानेवारी १८६३ ला लागू झाली, तीही फक्त बंडखोर भागात. पण तिने काळ्या माणसांना सैन्याचं दार उघडलं, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक त्या दारातून आत आले.

दक्षिणेची दुसरी आशा कापूस. आपल्या कापसाशिवाय इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील, मग इंग्रज आपल्या बाजूने उतरतील, असा त्यांचा हिशेब. इंग्रज उतरले नाहीत. गिरण्यांना कापूस इकडून, आपल्या मुंबई बंदरातून जायला लागला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि युद्ध थांबल्यावर १८६५ ला तिथला शेअरबाजार कोसळला.

जुलै १८६३. गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनापती ली हरला, आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिणेचं मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग पडलं, ४७ दिवसांचा वेढा, आत लोक खेचरं खायला लागले होते. तरी पुढची दोन वर्षं माणसं मरतच राहिली. १८६४ ला तर लिंकनलाच वाटत होतं आपण निवडणूक हरणार, पण उत्तरेचा सेनापती शर्मनने दक्षिणेचं अटलांटा शहर घेतलं आणि वारं फिरलं.

९ एप्रिल १८६५, व्हर्जिनियातलं ॲपोमॅटॉक्स. ली शरण आला. ली स्वच्छ नव्या गणवेशात आणि जिंकलेला उत्तरेचा सरसेनापती ग्रँट चिखलाने भरलेल्या बुटांत. ग्रँटने हरलेल्यांना घोडे घरी न्यायला परवानगी दिली, पेरणीचे दिवस तोंडावर होते, आणि उपाशी सैनिकांना शिधा दिला.

१४ एप्रिलला फोर्ट सम्टरवर परत अमेरिकेचा झेंडा चढला, तेव्हा प्लँटर बंदरात होती आणि तिच्यावर स्मॉल्स होता. त्याच रात्री वॉशिंग्टनला लिंकनला गोळी घातली. टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनच्या गुलामांना तर आपण मोकळे झालो हे १९ जूनला कळलं, घोषणेनंतर अडीच वर्षांनी, आणि सगळ्या देशातून गुलामी कायद्याने गेली ती डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने.

साऊथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्ट गावात एक मोठं पांढरं घर आहे. त्याच्या मागच्या झोपडीत स्मॉल्स गुलाम म्हणून जन्मला होता, त्याची आई त्या घरात राबायची. युद्ध चालू असतानाच ते घर थकलेल्या करापायी लिलावात निघालं, आणि स्मॉल्सने ते विकत घेतलं.