हातोडा हेफेस्टसच्या हातात

(दृश्य: अथेन्स. अगोरावरचं टेकाड, मंदिराचे खांब.)

अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या कडेला हे मंदिर उभं आहे. डोरिक या साध्या ग्रीक शैलीतले 34 खांब. इसवीसनपूर्व 449 च्या सुमारास ते बांधायला घेतलं. इथला देव हेफेस्टस, लोहारांचा आणि कारागिरांचा. आजूबाजूला धातुकाम करणाऱ्यांच्या भट्ट्या असायच्या. ऑलिंपस पर्वतावरच्या देवांमध्ये ऐरणीपाशी घाम गाळणारा हा एकटाच, आणि देवांचा राजा झ्यूस याने सगळ्यात कठोर काम सोपवलं तेही यालाच.

(दृश्य: उघडा कडा, खाली दरी.)

जुन्या देवकुळातल्या प्रोमिथियसने अग्नी चोरून माणसांना दिला. त्याला जगाच्या टोकाला, सिथियातल्या कड्याला जखडा, असा हुकूम सुटला. चोरीला गेलेला अग्नी हेफेस्टसचाच होता. राग यायचा तर आधी त्याला यायला हवा होता. त्याला आली ती दया.

प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर चालत आलेलं नाटक इथूनच सुरू होतं. सोबत दोघे पहारेकरी: क्रॅटोस म्हणजे सत्ता, बिआ म्हणजे बळजबरी. बिआ एक शब्दही बोलत नाही. क्रॅटोस हुकूम सोडत राहतो. आधी एका मनगटात कडं. ठोक, आणखी जोरात. मग दुसरा हात. मग छातीतून आरपार पाचर. बरगड्यांना पट्टे. शेवटी पायांत बेड्या. हा आपल्या नात्यातला, सोबतीतला, असं म्हणत हेफेस्टस कचरतो. आपल्याच कसबाचा त्याला तिटकारा येतो. क्रॅटोस दरडावतो आणि हातोडा पुन्हा पडतो. काम मात्र चोख होतं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

(दृश्य: लेम्नॉस बेट, मावळता सूर्य.)

नकार दिला तर काय होतं, हे त्याने भोगलं होतं. आई हेराची बाजू घेतली म्हणून झ्यूसने त्याला पाय धरून भिरकावलं. दिवसभर तो खाली कोसळत होता. सूर्यास्ताला या बेटावर आदळला, असं होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात तो स्वतःच सांगतो.

(दृश्य: अॅमस्टरडॅम, राइक्सम्युझियम.)

1623 सालचं हे चित्र डच चित्रकार डिर्क व्हान बाबुरेनचं. उलटा पडलेला प्रोमिथियस. शेजारी हसणारा देवांचा दूत हर्मीस. तुम्ही मात्र बेड्या ठोकणाऱ्याकडे बघा.

पुढे गरुड येतो, प्रोमिथियसचं यकृत तोडतो. कित्येक पिढ्यांनी वीर हेराक्लीस त्याला सोडवतो.

(दृश्य: पुन्हा अथेन्स, रस्ते.)

अथेन्सने दोघांनाही पूजलं. मशाली घेऊन धावण्याच्या शर्यती प्रोमिथियसच्या सणालाही व्हायच्या आणि हेफेस्टसच्याही.