काचेची गाडी, लोखंडाचा मान

(सुरुवातीला आवाज नाही. फक्त हात, चुंबक आणि काळी गाडी.)

हे जे चुंबक दिसतंय ना, फ्रिजवर लावतो तसलंच आहे, त्याला मागून जुन्या बनियनचा तुकडा चिकटवलाय म्हणजे कुणाच्या रंगाला ओरखडा नको. हे काका दर रविवारी सकाळी ते खिशात घालून येतात. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एका शाळेचं पार्किंग आहे, तिथे सातच्या आत पन्नासेक गाड्या लागतात, सगळ्या १९४० च्या आधीच्या दिसणाऱ्या. दिसणाऱ्या म्हणतोय, लक्षात ठेवा.

आता बघा, दारावर लावलं. पडलं. मागच्या कोपऱ्यावर लावलं. परत पडलं. काका काही बोलत नाहीत, नुसते मान हलवतात आणि पुढच्या गाडीकडे जातात. झाला निकाल. गाडी फायबरग्लासची, म्हणजे इकडच्या भाषेत 'ग्लास', म्हणजे काचेची, आणि काचेची असेल तर ती हॉट रॉडच्या परंपरेतली नाही, असं इथल्या निम्म्या लोकांचं ठाम मत आहे. उरलेले निम्मे त्यांच्याशी भांडतात. मी कुठल्या बाजूचा ते तुम्हाला पुढे कळेलच, लपवत नाही.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण आपल्याकडे हा शब्द कुठल्याही रंगवलेल्या जुन्या गाडीला लावतात.

(कोरड्या तळ्याचा लांबचा शॉट, धूळ.)

हे कॅलिफोर्नियातलं एल मिराज. पावसाळ्यात पाणी, बाकी वर्ष ही अशी सपाट, टणक, भेगाळलेली माती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी म्युरॉक नावाचं असंच एक तळं होतं, तिथे आता एडवर्ड्सचा हवाई तळ आहे. कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातून जुनी फोर्ड उचलायची, मडगार्ड काढून फेकायची, टप काढायची, इंजिनात हात घालायचा आणि अशा तळ्यांवर येऊन पळवायची, तीच हॉट रॉड. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन एससीटीए, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, वेळ मोजायची, नियम करायचे, कुणी मरू नये एवढं बघायचं. भंगार का मिळायचं, तर मॉडेल टी १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी बनली होती, रस्त्यारस्त्यावर पडलेली होती. आणि १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आज आपल्या साध्या हॅचबॅकला याहून जास्त असते पण त्या काळी तो बॉम्ब होता. त्या बत्तीसच्या गाडीला सगळे 'ड्यूस' म्हणतात आणि तिचं नाव काढलं की इथले म्हातारे असे बोलतात जसं आपल्याकडे जुने लोक एखाद्या गेलेल्या बैलजोडीबद्दल बोलतात.

तर मुद्दा असा की ही परंपरा गरिबीतून आली. हाताशी जे होतं ते वापरलं. पत्रा वापरला कारण पत्राच होता.

(वर्कशॉप. दार वर जातं. पंख्याचा आवाज.)

आणि आता हे. यासाठीच खरं तर एवढ्या लांब आलो. आम्ही दोघं, मी आणि कॅमेरा धरलेला माझा मावसभाऊ, सॅन होजेहून सहा तास गाडी हाकत, आणि दार उघडल्या उघडल्या वास आला आणि मी तिथेच थांबलो. रेझिनचा, म्हणजे काचेचे तंतू ज्यात भिजवून घट्ट करतात त्या द्रवाचा वास. ज्यांनी रत्नागिरी-मालवणकडे फायबरच्या होड्या बनताना बघितल्यात त्यांना सांगायला नको, नाकात शिरतो आणि रात्रीच्या जेवणालाही तोच वास येतो. माझं लहानपण त्या वासात गेलंय, म्हणून असेल, मला हे लोक पहिल्या मिनिटापासून आपले वाटले.

हा साचा. मॉडेल टी बादलीचा, टी-बकेट म्हणतात, म्हणजे पुढच्या दोन माणसांच्या बसण्यापुरती बॉडी, मागे एक आखूड हौदा, बस. साचा उलटा आहे, आतून चकचकीत. त्याला मेण लावतात, पुसतात, परत लावतात, परत पुसतात, नवा साचा असेल तर हे कितीतरी वेळा, कारण मेण चुकलं तर बॉडी साच्याला धरून बसते आणि मग बॉडीही गेली आणि साचाही गेला. मग जेलकोट. हा जो फवारा दिसतोय तो, हीच बाहेरची कातडी होणार. तो अर्धवट सुकला पाहिजे, बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. आपल्याकडे पाकाची तार बघतात ना, तसं. सगळं बोटावर आहे.

मग मॅट. काचेच्या बारीक तंतूंची ही पांढरी चटई, कापसासारखी दिसते, हातात घेतली की दोन दिवस खाज जात नाही. तिचे हाताने तुकडे फाडतात, कात्रीने नाही, कारण फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते आणि कापलेली कड रेषेसारखी उठून दिसते. रेझिनमध्ये हार्डनर, शेकडा एक ते दोन, जास्त नाही, गरम दिवस असेल तर अजून कमी, आणि तो पडला की घड्याळ सुरू. वीसेक मिनिटं मिळतात. जास्त झाला तर बादलीतच धूर निघतो.

आता हा रोलर बघा. आवाज ऐका नुसता.

(चरचर आवाज, दहा सेकंद निवेदन नाही.)

पांढरी चटई भिजली की पारदर्शक होते, आणि जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकली. हा माणूस तेच शोधतोय. एक बुडबुडा राहिला की पाच वर्षांनी उन्हात रंगावर फोड येणार आणि मग सगळे म्हणणार, बघा, काच ती काचच. वाकडे कोपरे, दाराच्या कडा, जिथे रोलर जात नाही तिथे ब्रशने ठोकत ठोकत. मग दुसरा थर, मग जमिनीला आतून प्लायवुडचा तुकडा, बिजागरीच्या जागी लोखंडाची पट्टी, तीही मॅटखाली पुरायची. एक गंमत सांगतो, मॉडेल टीच्या अस्सल बॉडीतही लाकडाचा सांगाडा असायचा आणि वरून पत्रा, म्हणजे 'सगळं लोखंड' वगैरे आपण आज म्हणतो, हेन्री फोर्डने सुतार ठेवले होते.

आणि हा क्षण. लाकडी पाचरी कडेला ठोकल्या, मध्ये हवा सोडली, आणि... सुटली. मावसभावाने हे तीनदा शूट केलं, तीन वेगवेगळ्या बॉड्यांचं, तिन्ही वेळा वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी हातातलं काम सोडून बघितलं.

हा जो बारीक खड्डा दिसतोय ना डाव्या बाजूला, मागे, चाकाच्या वर, ती चूक नाही. असे साचे खऱ्या जुन्या बॉडीवरून उतरवतात, आणि ज्या बॉडीवरून हा उतरवला तिला तिथे पोच होता. कुणीतरी कधीतरी कुठेतरी ठोकली असणार. तो पोच साच्यात आला आणि तिथून प्रत्येक गाडीत.

आता तारखा, कारण भांडण शेवटी तारखांचंच आहे.

फायबरग्लास गाडीवर आलं ते बोटीवरून. बिल ट्रिट नावाचा माणूस दक्षिण कॅलिफोर्नियात फायबरच्या बोटी बनवायचा, त्याने १९५० च्या सुमारास एका ओळखीच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्यासाठी गाडीची बॉडी बनवली, तीच पुढे ग्लासपार जी-टू म्हणून विकली. (बोट करणाऱ्याने गाडी केली, हे मला कोकणातल्या माणसाला अजिबात नवल वाटत नाही.) १९५३ ला शेवरलेने कॉर्व्हेट काढली, पहिल्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या फायबरच्या. १९५० चं दशक संपता संपता नॉर्थ हॉलिवूडला कॅल ऑटोमोटिव्ह मॉडेल टीच्या फायबर बॉड्या विकायला लागली. का खपल्या, तर तोपर्यंत टीव्हीवर '७७ सनसेट स्ट्रिप'मध्ये नॉर्म ग्राबोव्स्कीची टी-बकेट दिसली होती आणि अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला तीच पाहिजे होती. ती स्वतः पत्र्याची होती बरं का, १९२२ च्या टीचा पुढचा अर्धा भाग आणि मागे कापून छोटा केलेला मॉडेल एचा, म्हणजे फोर्डच्या टीनंतरच्या गाडीचा हौदा. हे मान्य. पण पोरांना अस्सल पत्रा मिळेना झाला होता, मिळाला तर खाली गंजून जाळी झालेली, आणि फायबरची बॉडी मिळत होती, हलकी, न गंजणारी, दोघांनी उचलून नेता येईल अशी. हाताशी जे होतं ते वापरलं. परत तेच.

आणि गाड्या बनवणारा एड रॉथ. १९५९ ला त्याची 'आउटलॉ' आली. आधी प्लास्टरचा आकार बनवला, त्यावरून फायबर. गणपती बनवणाऱ्याला ही पद्धत समजावायला लागणार नाही. मग १९६१ ला 'बीटनिक बँडिट', वर पारदर्शक प्लास्टिकचा बुडबुडा, स्टिअरिंगऐवजी एक दांडा, ती आज रीनोच्या म्युझियममध्ये उभी आहे. रॉथला हॉट रॉडच्या इतिहासातून काढा म्हटलं तर चुंबकवाले काकासुद्धा गप्प बसतात, मी बसवून बघितलंय.

आणि हा फोटो. १९७०, ओकलंडचा रोडस्टर शो (रोडस्टर म्हणजे पक्कं छप्पर नसलेली उघडी गाडी), 'अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर' ही ट्रॉफी, माणसापेक्षा उंच असते. जिंकली कुणी, तर अँडी ब्रिझिओ, साउथ सॅन फ्रान्सिस्कोचा, गाडी टी-बकेट, नाव 'इन्स्टंट टी', बॉडी फायबरची. पन्नास वर्षांहून जास्त झाली. आपल्याकडे पन्नास वर्षांत गणेश मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष येतं आणि अहवाल छापतात, आणि इथे अजून विचारतायत की ही परंपरा आहे का.

आता समोरच्यांचं म्हणणं, तेही खोटं नाही. बत्तीसच्या ड्यूसच्या ज्या फायबर बॉड्या आल्या त्या बऱ्याचशा सत्तरनंतरच्या आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या म्हणजे आत एसी, पॉवर विंडो, दार नुसतं रिमोटने उघडतं, बिजागऱ्या लपवलेल्या, सगळं गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं. जुना विनोदच आहे की फोर्डने १९३२ मध्ये जेवढ्या रोडस्टर बनवल्या त्याच्या दुप्पट आज रस्त्यावर आहेत. त्यांना स्ट्रीट रॉड म्हणा, छान गाड्या आहेत, पण पारंपरिक म्हणू नका, इथे मी काकांच्या बाजूने. आणि दार बंद होतानाचा आवाज. पत्र्याचं दार कसं 'धप्प' लागतं, हे ऐका, आणि हे फायबरचं. फरक आहे. नाही म्हणत नाही मी.

पण मग हे काय?

(चकचकीत, न रंगवलेली स्टीलची बॉडी, लाकडी चौकटीवर.)

ही ओहायोची ब्रुकव्हिल कंपनी बनवते, नवीकोरी स्टीलची. आधी मॉडेल एची बनवायचे, मग बत्तीसची आली. काम सुंदर आहे, वादच नाही. पण हेन्री फोर्डचा हात या पत्र्याला लागलेला नाही, आणि काकांचं चुंबक हिच्यावर टच्चकन बसतं, निकाल पास, परंपरेतली. आणि १९६० च्या आसपास कुणीतरी गॅरेजमध्ये शनिवार-रविवार खपून बांधलेली, तेव्हाचंच इंजिन, तेव्हाचीच चाकं, तेव्हाचाच रंग असलेली फायबरची बकेट, जिचा जेलकोट आता कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकलाय, ती नापास. माझ्या मते गाडी कशाची आहे हे विचारण्याआधी कधीची आहे आणि कशी बांधलीय हे विचारा. त्या काळी मिळणारी वस्तू, त्या काळच्या हत्यारांनी, त्या काळच्या आवडीने. त्यात पत्रा बसतो, तशी साठची काचही बसते.

बाकी, काही मेळाव्यांच्या नियमातच लिहिलेलं असतं की फायबर आणू नका, त्यामुळे खिशात कमी पैसे असलेली नवी पोरं दारातूनच परत जातात, आणि रेझिन-काचेच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांच्या छातीचं काय होतं तो वेगळाच विषय आहे.

(परत पार्किंग. उन्हं वर आलेली.)

साडेनऊ. निघायची वेळ. काकांची स्वतःची गाडी ही, अस्सल हेन्रीचा पत्रा, १९३४ ची कूपे, म्हणजे छप्पर असलेली दोन दारांची, चाळीस वर्षं त्यांच्याकडे. मावसभाऊ भोळा आहे, त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, काका, चुंबक द्या ना एक मिनिट. काकांनी दिलं. छप्पर, बसलं. दार, बसलं. बोनेट, बसलं. मग तो खाली वाकला आणि मागच्या चाकाच्या पाठीमागे लावलं, जिथे सगळ्याच जुन्या गाड्या पहिल्यांदा गंजतात आणि जिथे सगळेच डेंटर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी भरतात, बोटभर जाडीची, पॉलिएस्टरची, म्हणजे त्या वर्कशॉपमधल्या बादलीत होतं त्याचंच भावंड.

चुंबक घरंगळलं आणि डांबरावर पडलं. काकांनी ते उचललं, बनियनच्या तुकड्यावरची धूळ झटकली, आणि खिशात टाकलं.