ध्वज नसलेलं सुवर्णपदक: सोव्हिएत महिला बास्केटबॉल संघ

(दृश्य: रिकामं कोर्ट, रिंगचा क्लोज-अप)

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. सोव्हिएत संघातली खेळाडू, लाटव्हियातल्या रिगाची उल्याना सेम्योनोव्हा, हिची उंची 2.13 मीटर. म्हणजे तिचं डोकं आणि रिंग यांत अंतर उरायचं जेमतेम 92 सेंटिमीटर.

पण सोव्हिएत संघाची सद्दी तिच्याही आधीची. 1950 साली बुडापेस्टमध्ये हा संघ पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत उतरला आणि थेट विजेता ठरला. 1991 पर्यंत अशी 21 युरोपीय विजेतेपदं. मधे एकदाच, 1958 मध्ये, बल्गेरियाने त्यांना रौप्यपदकावर थांबवलं. जागतिक विजेतेपदं सहा: 1959, 1964, 1967, 1971, 1975 आणि 1983.

लिडिया अलेक्सेयेवा 1962 ते 1984 या काळात प्रशिक्षक होत्या. या 22 वर्षांत त्यांचा संघ अधिकृत स्पर्धेतला एकही सामना हरला नाही.

(दृश्य: 1976, माँट्रियल)

ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल इथे पहिल्यांदा आलं. सहा संघ, प्रत्येकाशी एक सामना, अंतिम फेरी नाहीच. अमेरिकेविरुद्धचा निकाल 112-77. सेम्योनोव्हाचे 32 गुण, 19 रिबाउंड (म्हणजे नेम चुकून परत आलेले, तिने पकडलेले चेंडू).

आता पासकडे नीट बघा. बास्केटखालच्या क्षेत्रात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. सेम्योनोव्हा आत सरकली की चेंडू लगेच यायला हवा. तोही उंचावरून, पुढे उभ्या असलेल्या बचावपटूच्या हाताबाहेरून. पास खाली पडला तर तिला वाकावं लागतं. मग उंचीचा फायदा गेला आणि चेंडू हिसकावला जाण्याची भीती आली. उशीर झाला तर तीन सेकंदांचा नियमभंग. दोघी-तिघींनी तिला घेरलं, की चेंडू बाहेर मोकळ्या सहकारीकडे. त्यामुळे या यशात पास देणाऱ्यांचा वाटा आम्हाला तिच्याइतकाच मोठा वाटतो.

दुबळी बाजूही होतीच. उंच सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूला, धावत मागे फिरायला वेळ लागतो. समोरचा संघ रिबाउंड घेताच सुटला, तर बचाव पुरता बसत नाही. 1983 च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना अमेरिकेविरुद्ध 84-82 असा निसटता जिंकला, तेव्हा दोन संघांतलं अंतर किती कमी झालंय ते दिसलं.

1984 मध्ये सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी जागतिक महासंघाने बास्केटपासून 6.25 मीटरवर तीन गुणांची रेषा आखली, म्हणजे तिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण. मग 1986 मध्ये, घरच्या मॉस्कोत, अमेरिकेने आधी गुडविल गेम्समध्ये 83-60 आणि नंतर जागतिक अंतिम सामन्यात 108-88 असं हरवलं. 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये कांस्य.

(दृश्य: बार्सिलोना, 1992)

डिसेंबर 1991 मध्ये देशच संपला. तरी वेगवेगळ्या प्रजासत्ताकांच्या मुली एकदा शेवटच्या एकत्र आल्या, 'संयुक्त संघ' या नावाने. प्रशिक्षक येवगेनी गोमेल्स्की. उपांत्य फेरीत अमेरिकेला 79-73, अंतिम फेरीत चीनला 76-66. सुवर्णपदक देताना ऑलिम्पिकचा ध्वज चढला, ऑलिम्पिकचं गीत वाजलं.

त्यानंतर सगळ्या आपापल्या नव्या देशांच्या झाल्या. 1995 ची युरोपीय स्पर्धा युक्रेनने जिंकली, 1997 ची लिथुआनियाने.