टायब्रेक, सात-शून्य

नमस्कार श्रोतेहो.

घोडबंदर रोडवरची सोसायटी घ्या, नाहीतर सीवूड्स-नेरूळकडची. सकाळी सहा-साडेसहाला टेनिस कोर्टवर दिसतात ती बहुतेक पन्नाशीच्या आसपासची मंडळी. चौघं जमली की डबल्स. एकाच्या गुडघ्याला नी-कॅप, दुसऱ्याच्या कोपराला पट्टा, आणि स्कोअरवरून रोजचा वाद. आजचं बोलणं खास या मंडळींसाठी. विषय आहे रोहन बोपण्णा, आणि वयाच्या ४३व्या वर्षी त्यानं गाठलेला दुहेरीतला जागतिक पहिला क्रमांक.

तारीख २७ जानेवारी २०२४, शनिवार. मेलबर्न. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचा अंतिम सामना. बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८०चा, म्हणजे ४४वा वाढदिवस पाच आठवड्यांवर आलेला. जोडीदार ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एबडेन, तोही ३६चा. समोर इटलीचे सिमोने बोलेली आणि आंद्रेया वावासोरी. बोलेली ३८ वर्षांचा, वावासोरी २८चा. म्हणजे कोर्टवरच्या चौघांपैकी तिघं पस्तिशी ओलांडलेले. हे जरा लक्षात ठेवा. चाळिशीपुढचा खेळाडू जिंकला की आपल्याकडे लगेच ‘चमत्कार, चमत्कार’ सुरू होतं. एकेरीत तो चमत्कार ठरलाही असता. दुहेरीत त्याला साधा हिशेब आहे.

एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, आणि ते एकट्यानं सांभाळायचं. दुहेरीचं ३६ फूट, पण दोघांत वाटलं की प्रत्येकी १८. गुण बहुतेक वेळा चार-पाच फटक्यांत मिटतो. सर्व्हिस, रिटर्न आणि पहिली व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेला फटका, या तिघींवर सगळा कारभार. बोपण्णाची उंची ६ फूट ४ इंच. त्याची सर्व्हिस विशीत जितक्या उंचावरून यायची तितक्याच उंचावरून ४३व्या वर्षीही येत होती. गुडघे झिजतात, उंची झिजत नाही.

बाकीचा तपशील नंतर. आधी तो टायब्रेक सांगतो, कारण खरं म्हणजे तोच सांगायचा म्हणून आज हा विषय घेतलाय.

पहिला सेट सहा-सहा. बारा गेम झाले आणि कोणाचीच सर्व्हिस तुटली नाही, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम कोणीच हरलं नाही. मग टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा जादा गेम. आधी सात गुण आणि दोनाचं अंतर, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण सर्व्हिस कशी फिरते तिकडे लक्ष द्या, कारण सोसायटीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे असतं. ज्याची पाळी असेल तो पहिला खेळाडू एकच गुण सर्व्हिस करतो. मग समोरच्या जोडीतला एक जण दोन गुण. मग पहिल्याचा जोडीदार दोन. मग समोरचा उरलेला गडी दोन. एक, दोन, दोन, दोन. बेरीज सात. दर सहा गुणांनी बाजू बदलायची. परत सांगतो: एक, दोन, दोन, दोन. उद्या सकाळी वाद झाला तर एवढं म्हणून दाखवा.

म्हणजे पहिल्या सात गुणांत चौघांच्याही हातात चेंडू येऊन जातो. कोणाला लपायला जागा नाही. एरवी जोडीत एकाची सर्व्हिस कच्ची असली तर दुसरा त्याला सांभाळून नेतो. टायब्रेकमध्ये तसं चालत नाही.

तो टायब्रेक किती झाला? सात-शून्य. बोपण्णा-एबडेन सात, इटालियन जोडी शून्य.

आता मोजून बघा. सुरुवात कोणीही केलेली असो, सातपैकी किमान तीन गुण इटालियन सर्व्हिसवरचे निघतात. आणि तेही एकाच्या नव्हे, बोलेली आणि वावासोरी दोघांच्याही. बारा गेम ज्यांची सर्व्हिस एकदाही तुटली नव्हती, त्यांना टायब्रेकमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर एक गुण राखता आला नाही. इकडे बोपण्णा आणि एबडेन यांनी आपल्या सर्व्हिसवर एकही सोडला नाही. सहाव्या गुणानंतर बाजू बदलायला निघाले तेव्हा फलकावर सहा-शून्य. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात!

असं का होतं? गेममध्ये ४०-१५ अशी आघाडी असली की सर्व्हिस करणाऱ्याकडे एखादा गुण उधळायची सोय असते. टायब्रेकमध्ये ती नसते. एक-दोन गुण मागे पडला की तो पहिली सर्व्हिस आत पाडायच्या नादात वेग काढून घेतो, रिटर्न करणारा एक पाऊल पुढे सरकतो, आणि चेंडू पुढे येणाऱ्याच्या पायाशी पडायला लागतो. पायाशी आलेला चेंडू खालून वर उचलावा लागतो, आणि वर आलेला चेंडू नेटवर उभा असलेला माणूस सोडत नाही.

इथे आपल्या सकाळच्या मंडळींना एक सांगतो. टायब्रेक आला की आपल्याकडे प्रत्येकाला नेटवाल्याच्या बाजूनं, गल्लीतून विनर मारायचा असतो. गल्ली म्हणजे एकेरी आणि दुहेरीच्या बाजूच्या रेषांमधली पट्टी, साडेचार फुटांची. खांबापाशी नेटची उंची साडेतीन फूट, मध्ये तीन फूट. म्हणजे गल्लीतून मारताना नेट सहा इंच उंच, जागा चिंचोळी, आणि चुकला की चेंडू थेट बाहेर. मधून मारा. मधून नेट खाली आहे आणि समोरच्या दोघांना ‘तुझा की माझा’ ठरवायला अर्धा क्षण जातो. मधून, आणि खाली. दुहेरीतला रिटर्न म्हणजे एवढंच, बाकी सगळी हौस.

दुसऱ्या सेटमध्येही पाच-पाचपर्यंत तेच. सर्व्हिस राखणं, सर्व्हिस राखणं. अकराव्या गेममध्ये इटालियन सर्व्हिस तुटली, आणि सेट सात-पाच. अख्ख्या सामन्यात ब्रेक झाला तो हा एकच. बोपण्णाचं पुरुष दुहेरीतलं हे पहिलं ग्रँड स्लॅम. त्याआधी अमेरिकन ओपनचे दोन अंतिम सामने तो हरला होता, २०१०मध्ये ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर आणि २०२३मध्ये एबडेनबरोबर. मधे १३ वर्षं. २०१७च्या फ्रेंच ओपनचं विजेतेपद होतं, पण ते गॅब्रिएला दाब्रोव्स्कीबरोबर मिश्र दुहेरीतलं.

आता गंमत पुढेच आहे. तो सात-शून्य हा एकटादुकटा प्रकार नव्हता. त्या स्पर्धेत ही जोडी सहा सामने खेळली आणि त्यात सात टायब्रेक झाले. सातही त्यांनी जिंकले. पहिल्याच फेरीत डकवर्थ आणि पोलमन्स या ऑस्ट्रेलियन जोडीनं एक सेट काढला होता, तेव्हा तिसऱ्या, निर्णायक सेटचा दहा गुणांचा टायब्रेक दहा-दोन. तिसऱ्या फेरीत कूलहोफ आणि मेक्टिच, दोन्ही सेट टायब्रेकवर. उपांत्य फेरीत माखाच आणि चिनी खेळाडू झांग झिझेन, पुन्हा तिसरा सेट, पुन्हा दहा गुणांचा टायब्रेक, दहा-सात. या सातांतला एखादा निर्णायक टायब्रेक उलटा गेला असता तर आज आपण वेगळ्याच माणसाबद्दल बोलत असतो.

थोडं मागे गेलात तरी हेच चित्र. पुण्यात बालेवाडीला २०२२मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर जिंकला, निर्णायक टायब्रेक दहा-सहा. २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण, पहिला सेट गमावल्यावर, टायब्रेक दहा-चार. मार्च २०२४मध्ये मायामीत एबडेनबरोबर, दहा-सहा. साध्या एटीपी स्पर्धांत दुहेरीला तिसरा सेट नसतोच, त्याऐवजी थेट दहा गुणांचा टायब्रेक, आणि ड्यूसला, म्हणजे ४०-४० झालं की, एकच निर्णायक गुण. ज्याला सर्व्हिस येते आणि ज्याचा हात थरथरत नाही, त्याच्यासाठी हा नियम वरदान आहे. लांबलचक तिसरा सेट असता तर ४३ वर्षांच्या गुडघ्यांचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

सर्व्हिस राखायची एक रीतही सांगून टाकतो. आय फॉर्मेशन म्हणतात तिला. सर्व्हिस करणारा बेसलाइनच्या मधल्या खुणेजवळ उभा राहतो. जोडीदार नेटपाशी, मधल्या रेषेवर, डोकं नेटच्या खाली जाईल इतका वाकून. पाठीमागे हात धरून बोटांनी खूण: कुठल्या बाजूला झेप घेणार ते. सर्व्हिस करणारा त्याच्या उलट बाजू झाकतो. रिटर्न करणाऱ्याला कळत नाही नेटवाला कुठे जाणार. चुका दोन होतात. एक, सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात टाकली तर समोरच्याला कोन मिळतो आणि सगळी रचना उघडी पडते, म्हणून सर्व्हिस मधल्या ‘टी’वर, म्हणजे मधली रेषा सर्व्हिसच्या रेषेला मिळते तिथे. दोन, चेंडू डोक्यावरून पुढे जायच्या आत नेटवाला उठला तर आपल्याच जोडीदाराची सर्व्हिस मानेवर. खूण ठरली की बदलायची नाही, आणि ‘टी’वर सर्व्हिस टाकता येत नसेल तर या भानगडीत पडू नका.

आता कोर्टाबद्दल बोललो नाही तर चैन पडणार नाही. आपल्या सोसायट्यांत एकच टेनिस कोर्ट असतं. त्यावर पिकलबॉलच्या रेषा आधीच आल्यात. त्यात नवरात्रात मंडपाचे खांब रोवायला म्हणून ॲक्रिलिकच्या थरातच भोकं पाडतात. पुढच्या पावसाळ्यात त्या भोकांतून पाणी आत शिरतं, थराला फुगवटे येतात, आणि मग कोर्ट खराब झालं म्हणून तिथे गाड्या लावायचा ठराव येतो. गरबा जरूर खेळा, पण खांब वाळूच्या डब्यांत उभे करता येतात. असो.

क्रमवारीचं थोडक्यात. गुण गेल्या ५२ आठवड्यांचे धरतात, जुने गळत जातात. ग्रँड स्लॅम जिंकलं की २०००, इंडियन वेल्ससारखी स्पर्धा जिंकली की १०००. मेलबर्नला उपांत्यपूर्व सामना जिंकला तिथेच पहिला क्रमांक पक्का झाला होता, अधिकृत यादी २९ जानेवारीची. उपांत्य सामना जिंकला त्याच दिवशी संध्याकाळी इकडे पद्मश्री जाहीर झाली. मार्चमध्ये मागच्या वर्षीचे इंडियन वेल्सचे १००० गळले आणि पहिला क्रमांक गेला. लगेच मायामी जिंकलं आणि तो परत आला. जूनमध्ये पॅरिसला फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पुन्हा बोलेली-वावासोरी समोर. या खेपेला इटालियन जिंकले, तीन सेटमध्ये, ७-५, २-६, ६-२. बघा, एकही टायब्रेक झाला नाही.

वेळ सरत आली, गुडघ्यांचं राहिलं. बोपण्णाच्या दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली होती. आपण ‘वंगण संपलं’ म्हणतो ते. त्या थराला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे झिजला की आपोआप भरून येत नाही. टेनिसमध्ये उजव्या हातानं सर्व्हिस करणारा उडी घेऊन डाव्या पायावर उतरतो, आणि सगळं वजन त्या एका गुडघ्यावर. २०२१मध्ये पाच महिने त्याला एकही सामना जिंकता आला नव्हता. आता थांबतो, असा व्हिडिओ त्यानं बायकोला पाठवला होता. मेलबर्नला करंडक हातात घेऊन हे त्यानंच सांगितलं. तो टिकला त्यात मोठा वाटा अय्यंगार योगाचा. म्हणजे आपल्या पुण्याची पद्धत: दोऱ्या, पट्टे, खुर्ची, लाकडी ठोकळे यांच्या आधारानं आसन लावायचं आणि बराच वेळ धरायचं. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू भक्कम झाले की गुडघ्यावरचा भार ते वाटून घेतात, आणि गुडघा आत वळत नाही. कूर्चा परत येत नाही, दुखणं आटोक्यात येतं.

तुम्ही करणार असाल तर शिक्षकासमोर करा. दुखऱ्या गुडघ्यानं वज्रासनात धपकन बसणं, हीच चूक सगळे करतात. या पद्धतीत वीरासनाला गुडघ्यामागे गुंडाळलेलं कापड ठेवतात आणि बैठकीखाली ठोकळा, म्हणजे सांधा दाबला जात नाही. आणि कोर्टवर धावायचे बूट घालून येऊ नका. त्यांची टाच उंच असते, ते सरळ धावण्यासाठी असतात. बाजूला झेपावलात की घोटा मुरगळतो आणि गुडघा पिळतो. टेनिसचे बूट घ्या. तळव्याची नागमोडी नक्षी पुढच्या चवड्यापाशी गुळगुळीत झाली की बदला, वरून बूट कितीही नवा दिसू दे. आपल्याकडे पहाटे दमट हवेत कोर्टवर ओल असते, गुळगुळीत तळवा तिथे हमखास सरकतो.

रॅकेटच्या तारा पुढच्या वेळी घेऊ: कोपर दुखत असेल तर पॉलिएस्टर काढून मल्टिफिलामेंट का बसवायची आणि ताण किती पौंडांनी उतरवायचा ते. नमस्कार.