मोजणाऱ्याचं माप कोण तपासतो? हवा, पूर आणि सरकारी देखरेख

श्रोतेहो, नमस्कार.

हवेची गुणवत्ता राखणं आणि पुरापासून वस्ती वाचवणं ही दोन कामं वरवर पाहता अगदी वेगळी. पण त्यांच्यावर देखरेख ठेवायची म्हटलं की दोन्हींत एकच अडचण समोर येते. काम बिघडलंय हे रोजच्या रोज दिसत नाही. रस्त्याला खड्डा पडला तर संध्याकाळपर्यंत दहा तक्रारी येतात. हवामापन यंत्राची नळी गळू लागली, किंवा बांधाच्या पोटातून पाणी वाट काढू लागलं, तर कागदोपत्री सगळं ठीकच असतं. म्हणून या क्षेत्रात सरकारला ‘खर्च किती केला’ एवढंच विचारून भागत नाही. मोजलं कसं, कुठे मोजलं आणि ते माप बाहेरच्या कोणी तपासलं का, हे विचारावं लागतं.

आधी हवा घेऊ. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूलिकणांना पीएम 2.5 म्हणतात. ते मोजणारं एक नेहमीचं यंत्र असं चालतं. कागदी फितीवरून ठरलेला वेळ हवा ओढली जाते. फितीच्या एका बाजूनं बीटा किरण सोडतात आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचले ते मोजतात. फितीवर धूळ जितकी जास्त, तितके किरण कमी पोहोचतात. हवा ओढण्याचा वेग मिनिटाला सुमारे 16.7 लिटर, म्हणजे तासाला एक घनमीटर ठेवलेला असतो. या वेगाला फार महत्त्व आहे. मोठे कण बाहेर ठेवणारं तोंड याच वेगावर बेतलेलं असतं. पंप थकला आणि वेग घटला, की जे मोठे कण अडायला हवेत ते आत शिरतात. जोडातून गळती असेल तर तोंडातून कमी हवा येते आणि हिशेब मात्र पूर्ण हवेचा होतो. आत येणारी हवा तापवणारा हीटर बंद पडला, तर दमट दिवसांत कणांना चिकटलेलं पाणीसुद्धा धूळ म्हणून तोललं जातं. पडद्यावर आकडा येतच राहतो. तो चुकलाय हे यंत्र सांगत नाही.

नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू मोजणाऱ्या यंत्रांना आधी पूर्ण शुद्ध हवा आणि मग माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन ताळ्यावर आणावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. तो वायू ज्या सिलिंडरमधून येतो त्याची मुदत संपली असेल, तर यंत्र चुकीच्या मापाला बरोबर समजू लागतं आणि पुढचे कित्येक महिने तसंच चालतं. म्हणून तपासणीला गेलेल्या माणसानं पडद्यावरच्या आकड्याआधी कॅलिब्रेशनची नोंदवही मागावी. शेवटची तारीख कोणती, सिलिंडरचं प्रमाणपत्र कधीचं आणि प्रवाहाचा वेग वेगळ्या मापकानं कोणी पडताळला, हे त्यात सापडायला हवं. पडताळणारा आणि यंत्र चालवणारा एकच असेल, तर त्या पडताळणीला माझ्या लेखी अर्धीच किंमत आहे.

यंत्र चोख असलं तरी ते उभं कुठे केलंय हा प्रश्न उरतो. युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमांत हवा घेणाऱ्या तोंडाची उंची साधारणपणे जमिनीपासून दीड ते चार मीटर सांगितली होती, कारण माणसं तिथलीच हवा घेतात. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, झाडांच्या आडोशाला किंवा बागेच्या मधोमध ठेवलेलं केंद्र खोटं बोलत नाही. ते फक्त गच्चीची आणि बागेची हवा सांगतं. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या हवेविषयी त्याला काहीच ठाऊक नसतं.

आता सरासरीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त लपतं ते तिथेच. समजा, एखाद्या शहरात वर्षातले चार महिने पीएम 2.5 घनमीटरला 90 मायक्रोग्रॅम असतं आणि उरलेले आठ महिने 30. वर्षाची सरासरी 50 येते. आता त्या वाईट चार महिन्यांपैकी दोन महिने यंत्र बंद होतं असं धरा. उरलेल्या दहा महिन्यांची सरासरी 42 होते. चारही महिने बंद असेल तर 30. हवा तीच राहिली, फक्त नोंदी गेल्या, आणि शहर कागदावर स्वच्छ झालं. ही भीती काल्पनिक नाही. यंत्रं वाईट दिवसांतही बंद पडू शकतात. काही यंत्रांची मोजपट्टी तर 1000 च्या आसपास संपते. हवा त्याहून वाईट झाली तरी आकडा तिथेच अडकतो. म्हणूनच युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमांनी वर्षातल्या 90 टक्के नोंदी मागितल्या आणि अमेरिकेचे नियम दर तिमाहीत किमान 75 टक्के मागतात. तिमाहीची अट मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे एखादा अख्खा ऋतू गाळता येत नाही. सरासरी वाचताना तिच्या शेजारी नोंदींची टक्केवारी छापलेली नसेल, तर त्या सरासरीवर विसंबू नये.

‘हवा मर्यादेच्या आत आहे’ असं विधान ऐकलं की मर्यादा कोणाची, हेही विचारायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं पीएम 2.5 साठी वार्षिक 10 मायक्रोग्रॅमची शिफारस 2021 मध्ये 5 वर आणली. अमेरिकेनं 2024 मध्ये 12 ची मर्यादा 9 केली. युरोपीय संघाची मर्यादा 25 होती, ती 2030 पर्यंत 10 होणार आहे. भारताची 40 आहे. म्हणजे एकच हवा एका देशात नियमात बसते आणि दुसऱ्या देशात नियम मोडते. फुप्फुसाला सीमा कळत नाही.

देखरेख करणारा फसतो कसा, याचं मोठं उदाहरण 2015 मधलं आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरला आपली प्रयोगशाळेत चाचणी चाललीय हे ओळखता येत होतं. तेवढ्या वेळापुरता धूर स्वच्छ व्हायचा आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जायचे. हे उघडकीला येण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीवर मोजणी यंत्र बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली तेव्हा. नियामकाची चाचणी वर्षानुवर्षं ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या क्रमानं होत होती आणि प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती. युरोपात 2017 पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलांसाठी रस्त्यावरची चाचणी लागू झाली. त्याच 2015 सालच्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं नायट्रोजन डायऑक्साइडची मर्यादा पाळली जात नसल्याबद्दल सरकारला नव्यानं आराखडे करायला लावले. नियामक ढिला पडला की लेखापरीक्षक, संसदेची समिती आणि न्यायालय यांच्यापैकी कोणीतरी जागं असावं लागतं.

आता पूर. इथे पहिला घोटाळा भाषेतच आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो: गेल्या वर्षी येऊन गेला, आता नातवंडांनी काळजी करावी. त्याचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे. अशा पुरासाठी बांधलेल्या तटामागे कोणी 30 वर्षं राहिला, तर त्या काळात एकदा तरी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता जवळपास 26 टक्के असते, म्हणजे चारात एक. शिवाय हे गणित जुन्या पावसाच्या आणि जुन्या प्रवाहाच्या नोंदींवर उभं असतं. नोंदी वाढल्या की ते पुन्हा मांडावं लागतं.

1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणानं नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली आणि इंग्लंडमध्ये 307. योहान फान व्हेन या डच सरकारी अभियंत्यानं बांध कमी उंचीचे असल्याचं त्याआधीच दाखवून दिलं होतं. माहिती होती, पण तिच्यावर कृती करायला कोणी बांधील नव्हतं. आज तिथला कायदा मुख्य पूरसंरक्षक बांधांची तपासणी दर 12 वर्षांनी करायला लावतो. 2050 पर्यंत गाठायचं उद्दिष्टही मोजता येईल असं आहे: बांधामागे राहणाऱ्या कोणाचाही पुरानं मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकाहून जास्त नसावी. असं उद्दिष्ट लिहून ठेवलं की तपासणाऱ्याला तुलना करायला काहीतरी हातात मिळतं.

बांध फुटतो तो पाणी वरून वाहिल्यामुळेच, अशी समजूत आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये 29 ऑगस्ट 2005 रोजी 17 व्या रस्त्याच्या कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाणी तिच्या माथ्याला पोहोचलंही नव्हतं. पाण्याच्या दाबानं भिंत किंचित कलली, पाण्याच्या बाजूला भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीवरून अख्खा तुकडा सरकला. ही बांधकामं ज्या लष्करी अभियंता विभागाच्या अखत्यारीत होती, त्याच विभागानं 1980 च्या दशकात घेतलेल्या एका चाचणीत अशी फट पडताना दिसली होती. तो निष्कर्ष आराखड्यापर्यंत आला नाही. दुसरी गोष्ट उंचीची. जमीन खचत होती आणि उंची जुन्या खुणांवरून मोजली जात होती. त्यामुळे काही बांधकामं ठरलेल्या उंचीपेक्षा जवळपास दोन फुटांपर्यंत बुटकी निघाली. आराखड्यावरचा आकडा बरोबर होता, शून्य मात्र खाली गेलं होतं. पातळीची खूण स्वतः किती खचली हे तपासायला हवं, ते यासाठी.

आणि दुष्काळातही बांध जातो. नेदरलँड्समधल्या विल्निस इथे ऑगस्ट 2003 मध्ये कोरड्या उन्हाळ्यात कुजट वनस्पतीजन्य मातीचा बांध वाळून हलका झाला आणि कालव्याच्या दाबानं बाजूला सरकला. पूर नव्हता, वादळही नव्हतं. पाहणी फक्त पावसाच्या तोंडावर करणाऱ्या यंत्रणेला असा धोका दिसणारच नाही.

मातीच्या बांधावर पाहणीला गेल्यावर माथ्यावरून गाडी नेण्यात फार अर्थ नाही. पायथ्यानं चालावं लागतं. कोरड्या बाजूला ओलसर पट्टा, अचानक हिरवंगार गवत, माथ्यावर लांबट भेग, उताराला आलेला फुगवटा, घुशींची बिळं, खोल मुळांची झाडं: यातलं प्रत्येक लक्षण नकाशावर टिपायचं. सर्वांत जपायचं ते बांधातून आरपार जाणाऱ्या नळांना. नळाभोवती माती नीट दाबली जात नाही, म्हणून पाणी नळाच्या पाठीला धरून वाट काढतं. नळाच्या तोंडाशी असलेली एकेरी झडप काटकीनं किंवा प्लास्टिकनं अर्धी उघडी राहिली, तर नदीचं पाणी तिथूनच वस्तीत येतं आणि बांध शाबूत असताना घरं बुडतात. पुराच्या वेळी पायथ्याशी पाण्याचे उमाळे फुटले तर रंग पाहायचा. पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर आतली माती वाहून चाललीय. अशा वेळी तोंड बुजवू नये, कारण दाब शेजारी दुसरीकडे फुटतो. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून पाणी आत साठू द्यायचं आणि उमाळा स्वच्छ वाहू लागेपर्यंत कडं चढवायचं.

इंग्लंडमध्ये अशा बांधकामांना 1 ते 5 अशी श्रेणी देतात. 1 म्हणजे उत्तम, 5 म्हणजे अगदी वाईट. पद्धत चांगली आहे, पण इथेही सरासरीचा सापळा आहेच. दहा किलोमीटरच्या बांधात शंभर मीटरचा तुकडा वाईट असेल, तर अहवालात ‘99 टक्के समाधानकारक’ असं छापता येतं. पाणी त्या शंभर मीटरमधूनच येणार असतं. त्यामुळे टक्केवारीपेक्षा वाईट तुकड्यांची यादी मागावी, आणि त्या प्रत्येकामागे घरं किती, रुग्णालय आहे का, वीज उपकेंद्र आहे का, हेही.

नवं बांधकाम आणि देखभाल यांच्या पैशांतही अशीच गफलत होते. उद्घाटन नव्या भिंतीचं होतं, गवत कापण्याचं होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं 2023 मध्ये पूरसंरक्षणाचा 5.2 अब्ज पौंडांचा कार्यक्रम तपासला. 2027 पर्यंत 3,36,000 मालमत्ता अधिक सुरक्षित होतील असं ठरलं होतं. तो अंदाज 2,00,000 वर आल्याचं अहवालानं नोंदवलं. हे कळू शकलं, कारण सुरुवातीलाच आकडा लिहिलेला होता. ‘अनेक कुटुंबांना दिलासा’ एवढंच लिहिलं असतं, तर तपासायला काहीच उरलं नसतं.

यंत्रं चालवून पाहणं हाही देखरेखीचाच भाग आहे. लंडनचा थेम्स अडसर, म्हणजे समुद्राचं उधाण शहरात शिरू नये म्हणून नदीवर उभारलेले दरवाजे, 1982 पासून वापरात आहे. पूर असो वा नसो, त्याचे दरवाजे दर महिन्याला बंद करून पाहतात आणि वर्षातून एकदा मोठ्या भरतीच्या वेळी पूर्ण चाचणी घेतात. पंपघराला हाच नियम लावा. कळ दाबून पाच मिनिटं मोटर फिरवली म्हणजे चाचणी झाली असं नाही. मुख्य वीज तोडून, जनरेटरवर, पूर्ण भारावर तासभर पंप चालायला हवा. तेव्हाच कळतं की बॅटरी उतरलीय, डिझेलमध्ये पाणी आहे किंवा वीजपेटी इतकी खाली बसवलीय की पहिल्या फूटभर पाण्यातच ती बुडेल.

श्रोतेहो, तुमच्या भागातल्या हवामापन केंद्राची वर्षभराच्या नोंदींची टक्केवारी आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख लेखी मागा. बांधाबद्दल शेवटच्या पाहणीची तारीख, सापडलेल्या दोषांची यादी, प्रत्येक दोष कधी दुरुस्त झाला आणि दुरुस्तीनंतर जागेवर जाऊन कोणी पाहिलं, हे मागा. बांधातून जाणारा प्रत्येक नळ कोणत्या खात्याच्या मालकीचा, हा प्रश्न शेवटी जरूर जोडा. नदीकडचं खातं नगरपालिकेकडे बोट दाखवतं आणि नगरपालिका नदीकडच्या खात्याकडे, असे बेवारस नळ पुष्कळ ठिकाणी निघतात. झडपेला वंगण घालायला तिथे कोणीच जात नाही.

नमस्कार.